बोटांची साक्ष

बार्टली क्विर्कच्या शर्टाची बटणं रोज सकाळी त्याची बायको लावायची. लग्नाच्या दिवशीसुद्धा तिनेच लावली होती, चर्चच्या मागच्या दारात, आत पाद्री खोकत उभा असताना. होनोरा अमेरिकेतल्या ट्रॉय गावात, शर्टाच्या सुट्या कॉलरच्या कारखान्यात इस्त्री करायची. तिचे हात सपासप चालायचे. नवऱ्याचे हात मात्र जुन्या सफरचंदाच्या झाडाच्या मुळ्यांसारखे, एक बोट सरळ असेल तर शपथ. उजवी करंगळी बाहेरच्या अंगाला पळालेली, अंगठे तळव्यात रुतलेले, आणि डाव्या हाताचं मधलं बोट तर मधल्या पेरापासून भलतीकडेच वळलेलं.

"हनुवटी वर कर, म्हाताऱ्या," ती म्हणायची. "देवाने दहा बोटं दिली होती, ती तू लोकांच्या टाळ्यांवर उधळून आलास."

बार्टली निमूटपणे हनुवटी वर करायचा. बोलणार काय? खरंच होतं ते.

पण बोटांचं त्याला फारसं दुःख नव्हतं. बोटं काय, गेली तर गेली. दुःख होतं ते धाकट्या भावाचं. टेरीने अठ्ठ्याहत्तर सालच्या सप्टेंबरात गाव सोडलं. आपल्या नावावरचा डाग धुऊन निघाल्याशिवाय इथे पाय ठेवणार नाही, असं सांगून तो गेला, आणि शब्दाला इतका पक्का की आई वारली तेव्हाही आला नाही. आणि तो डाग लागला होता बार्टलीच्या पायी. मरायच्या आधी एकदा टेरी घरी यावा, आपल्या टेबलाशी बसावा, होनोराच्या हातचे कोबी-बटाटे खावेत, एवढीच एक इच्छा त्याच्या मनात उरली होती. बाकी सगळ्यावर त्याने केव्हाच पाणी सोडलं होतं.

झालं होतं ते असं.

दोघं भाऊ शेगड्या ओतण्याच्या भट्टीवर कामाला होते. रविवारी सगळे मैदानावर बेसबॉल खेळायचे. टेरी तेव्हा एकोणीस वर्षांचा, काटकुळा, कानांपाशी लाजेने लाल होणारा. पण चेंडू हातात आला की वेगळाच माणूस. कमरेखालून हात फिरवून चेंडू टाकायचा, हा त्या वेळचा नियम. तेवढ्यातही तो असा टाकायचा की फलंदाजाला आवाज आधी ऐकू यायचा आणि चेंडू मागून दिसायचा. गाव नुसतं वेडं झालं होतं त्याच्यापायी. अडचण एकच होती: तो चेंडू झेलणार कोण?

आताच्या पोरांना सांगून पटत नाही. आता कॅचर छातीला गादी बांधतो, तोंडाला जाळी लावतो, हातात उशीएवढा मोजा घालतो. तेव्हा यातलं काही नव्हतं. उघडे हात, बस्स. एरवी कॅचर लांब मागे उभा राहायचा आणि टप्पा पडलेला चेंडू घ्यायचा. पण पलीकडचा एखादा गडी धावायला टपून बसला, किंवा फलंदाजाचा शेवटचा चेंडू आला, की त्याला थेट बॅटच्या मागे, हातभर अंतरावर यावंच लागे. कोणी हातात साधं कातडं चढवलं तरी अख्खं मैदान त्याला 'बाई, बाई' म्हणून हिणवायचं. टेरीच्या चेंडूपुढे तिघांनी नशीब आजमावून पाहिलं. एकाचा दात गेला, एकाचा अंगठा गेला, आणि तिसरा म्हणाला की यापेक्षा मी समुद्रावर जातो, आणि गेलासुद्धा.

उरला बार्टली. त्याला ते जमायचं. लहानपणापासून एका खाटेवर झोपलेले दोघं. टेरीचा खांदा कसा झुकला की चेंडू कुठे येणार, हे त्याला आपोआप कळायचं. हात मागे नेत नेत तो चेंडू असा घ्यायचा जसा घरट्यातून पडलेलं अंडं घ्यावं. तरी बोटं फुटायचीच. मग मिठाच्या पाण्यात हात बुडवून बसायचं, दात-ओठ खायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उभं राहायचं.

गावात पगारी क्लब निघाला तेव्हा कमिटीने दोघांना एकाच कागदावर बांधून घेतलं. पद्धतच होती तशी. चेंडू टाकणारा पिचर आणि कॅचर जोडीनेच घ्यायचे, बैलजोडी घेतात तसे. एक लंगडा झाला तर दुसऱ्याला कोण ठेवतो? कमिटीचे मुख्य मिस्टर टेन आइक, मोठ्या कॉलर-कारखान्याचे मालक. सोन्याची साखळी, पोट पुढे, आवाज असा की नदीपलीकडे ऐकू जावा. सामना जिंकला की ते सगळ्यांसमोर टेरीच्या पाठीवर थापा मारायचे आणि बार्टलीचा हात हातात घेऊन गदागदा हलवायचे. बार्टलीच्या डोळ्यांत पाणी यायचं, पण ते कौतुकाचं नसायचं.

तो उन्हाळा मात्र राजाचा होता. रस्त्याने जाताना दुकानदार दारात येऊन हाका मारायचे. बिअरचा पेला कधी स्वतःच्या खिशातून घ्यावा लागला नाही. होनोरा तेव्हा कारखान्याच्या खिडकीतून इस्त्री हातात धरून बघायची, आणि एकदा त्या नादात तिने एका साहेबाची कॉलर जाळली. एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत, जेमतेम सहा महिने. बार्टलीची कारकीर्द म्हणायची ती एवढीच.

ऑगस्टच्या मध्यावर एका सामन्यात बॅटची निसटती कड लागून चेंडू वळला आणि बार्टलीच्या डाव्या मधल्या बोटावर आदळला. बोट उभं चिरलं. त्याने मूठ मिटली, मूठभर माती उचलून रक्तावर चोळली आणि पुढचे चार डाव तसेच काढले. संध्याकाळी घरी येऊन त्याने टेरीला बोट दाखवलं. टेरी पांढराफटक पडला. कमिटीला सांगू या, म्हणाला.

बार्टलीने त्याला वेड्यात काढलं. सांगितलं की दोघांचीही रवानगी परत भट्टीवर, दुसरं काय होणार? शिवाय पश्चिमेकडच्या एका बड्या क्लबचा माणूस सप्टेंबरअखेर टेरीचा खेळ बघायला येणार होता. सहा आठवडे कसेबसे काढायचे, मग टेरीचं सोनं झालं. तोपर्यंत एक खूण ठरवू. मी टोपीचा पुढचा भाग मनगटाने दोनदा खाली ओढला की समज, हा चेंडू हाताला सोसणार नाही, हळू टाक. आणि हे बोट कुणाला कळता कामा नये. आईच्या जपमाळेवर हात ठेवून त्याने टेरीकडून शपथ घेतली. टेरीला ती घ्यायची नव्हती. थोरल्याचा शब्द म्हणून घेतली.

झालं, हळू चेंडू पडायला लागले. हळू चेंडू कोण सोडतो? तीन सामने हातचे गेले. त्या दिवसांत मैदानाच्या कडेला पैजा लावणाऱ्यांची जत्रा भरायची, आणि आदल्याच वर्षी दुसऱ्या एका गावचे खेळाडू सामने विकताना पकडले गेले होते. त्यामुळे हरणाऱ्या संघाकडे लोक आधीच संशयाने बघायचे. एका घोडेवाल्याने पैजेत सणसणीत मार खाल्ला आणि मग तो हिशोबीपणे बघायला लागला. दोन सामने त्याने डोळ्यांत तेल घालून पाहिले. कॅचर टोपी ओढतो आणि पिचर चेंडू मऊ टाकतो, दर वेळी, न चुकता. तो थेट कमिटीकडे गेला.

चौकशी मिस्टर टेन आइक यांच्या कारखान्याच्या माडीवर झाली. खालून खळीचा आंबूस वास वर येत होता. बार्टलीला आधी बोलावलं. टेबलामागे पाच जण. बार्टलीने दोन्ही हात कोटाच्या खिशात खुपसलेले.

"हळू चेंडूसाठी तुमच्या दोघांत काही खूण ठरली आहे?" मिस्टर टेन आइक यांनी विचारलं.

बार्टलीच्या मनात आलं की हो म्हटलं तर कशासाठी ते विचारतील, मग हात बघतील, आणि मग जोडी संपली. पश्चिमेचा माणूस यायला दहाच दिवस होते.

"नाही साहेब," तो म्हणाला. "खूण कसली? टोपी सैल आहे, घसरते."

त्याला बाहेर बसवून टेरीला आत घेतलं. दारातून एकमेकांना ओलांडताना बार्टलीने डोळ्यांनी काहीतरी सांगायचा प्रयत्न केला. पण टेरी जमिनीकडे बघत होता. तो जन्मात खोटं बोललेला नव्हता, बोलला असता तर त्याचे कानच ओरडले असते. दार पातळ होतं. बार्टलीला सगळं ऐकू आलं.

"खूण आहे," टेरी म्हणाला.

"कशासाठी?"

"ते सांगता येणार नाही."

"का नाही?"

"शपथ आहे, साहेब."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. एक भाऊ म्हणतो खूणच नाही, दुसरा म्हणतो आहे पण सांगणार नाही. चोरी केलेले तरी याहून वेगळं काय बोलतात? बार्टली उठला, दार ढकलून आत घुसला आणि टेबलावर दोन्ही हात पसरले. बोट काळंनिळं, सुजून दुप्पट झालेलं. बोटासाठी होती खूण, साहेब, सगळं माझं होतं, त्याचं काही नाही, तो शपथेला बांधलेला आहे, असं तो एका दमात बोलत सुटला. पण हे म्हणजे वरातीमागून घोडं. पाच मिनिटांपूर्वी हाच माणूस टोपी सैल असल्याचं सांगत होता.

कमिटीत एक म्हातारा कोचरेन होता, लाकडाचा व्यापारी. पूर्वी हौशी क्लबात तो स्वतः कॅचर होता. तो काही वेळ बार्टलीच्या हातांकडे बघत राहिला. मग त्याने आपले हात त्यांच्या शेजारी टेबलावर ठेवले. तीच मुळं, तीच वाकडी पेरं.

"कॅचरचे हात असेच असतात रे," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, उलट कीवच होती. "माझे बघ. हे मोडकं बोट कधीचं, आणि ते कधीचं, कोण सांगणार? हात तर सगळ्यांचेच असे असतात. सामने सगळे विकत नाहीत."

हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. दोघांनाही कायमचं काढून टाकलं, आणि देशातल्या प्रत्येक पगारी क्लबला नावं कळवली की या दोघांना घेऊ नका. बार्टलीचं त्यात काय गेलं? त्याचे हात आधीच गेले होते. गेलं ते टेरीचं. चोर सोडून संन्याशाला फाशी.

टेरी तिसऱ्या दिवशी पश्चिमेच्या गाडीत बसला. स्टेशनवर बार्टलीने माफी मागायचा प्रयत्न केला तर त्याने थांबवलं.

"तू खोटं का बोललास ते मला कळतं, बार्ट. तुझ्यावर माझा राग नाही. पण मी काय केलं नाही, ते त्यांना कळायला पाहिजे. ते कळेल तेव्हा मी येईन."

राग असता तर बरं झालं असतं, असं बार्टलीला पुढे कित्येकदा वाटलं. रागाला काही उत्तर तरी देता येतं.

टेरी खाणींच्या गावांतून खोट्या नावांनी खेळत राहिला. पण फेक कशी लपवणार? कुठल्याही गावात महिना-दोन महिने झाले की प्रेक्षकांतला कोणीतरी उठून म्हणायचा, अरे, हा तर ट्रॉयचा क्विर्क, तो सामने विकणारा. मग रातोरात गाशा गुंडाळायचा. शेवटी त्याने चेंडूचा नादच सोडला आणि मोंटाना प्रांतात ब्युट गावच्या तांब्याच्या खाणीत थॉमस लाइल नावाने उतरला. लग्न केलं, दोन मुली झाल्या, त्यांचं आडनावही लाइल. दर नाताळला त्याचं पत्र यायचं. पत्रात हवा, खाण, मुलींचे दात वगैरे. खाली सही मात्र नेहमी 'टेरी'. बाहेर जगाला काहीही असो, थोरल्या भावापाशी तो टेरीच होता.

बार्टलीला भट्टीवर परत घेतलं नाही. वाळूचा साचा बोटांनी गुळगुळीत करावा लागतो, त्याची बोटं साच्यात खड्डे पाडायची. मग विटा वाहिल्या, घोड्यांना पाणी पाजलं, आणि शेवटी रेल्वेच्या फाटकावर नोकरी मिळाली. फाटकाचं चाक फिरवायला बोटं लागत नाहीत, दोन्ही कोपरांच्या आतून मिठी मारून ते फिरवता येतं. तिथे त्याची चोवीस वर्षं गेली. ट्रॉयमध्ये आता बेसबॉल खेळणाऱ्या पोरांना त्याचं नावही माहीत नव्हतं, आणि त्यालाही ते बरंच वाटायचं.

एकोणीसशे नऊच्या वसंतात फाटकाचं चाक घसरून त्याच्या डाव्या मनगटावर बसलं. दवाखान्यात त्या नव्या किरणांनी हाताचा फोटो काढला. तरुण डॉक्टरने काच उजेडात धरून दाखवली. स्वतःची हाडं बघून बार्टलीने आधी छातीवर क्रूस काढला. मनगट ठीक होतं. पण डॉक्टर त्या मधल्या बोटापाशीच घुटमळला. हे हाड उभं चिरलंय, म्हणाला, आणि नंतर याला विश्रांतीच मिळालेली दिसत नाही. मोडल्यावरही तुम्ही महिनाभर यावर मार खात राहिलात, तेव्हाच असं वेडंवाकडं जुळतं. काय करत होता तुम्ही?

एकतीस वर्षांनी कोणीतरी ते बोलून दाखवलं होतं, आणि तेही विचारल्यावाचून. कोणत्या साली मोडलं तेही यात दिसतं का, असं त्याने विचारलं. डॉक्टर हसला. हाडावर तारीख नसते, म्हणाला. नसेना. म्हाताऱ्या कोचरेनने जे विचारलं होतं त्याचं अर्धं उत्तर तरी होतं त्या काचेत. बार्टलीने गयावया करून काच मागून घेतली.

कमिटीपैकी आता एकच माणूस जिवंत होता, मिस्टर टेन आइक. वय सत्याऐंशी. रविवारी प्रार्थना झाल्यावर होनोराने बार्टलीला चांगला शर्ट चढवला, बटणं लावली, आणि काच कॉलरच्या कोऱ्या खोक्यात कागद घालून बांधून दिली. ती त्या दिवशी थट्टा करत नव्हती. फक्त म्हणाली, लेखी आण. तोंडी आणलंस तर टेरी मानायचा नाही.

टेन आइक टेकडीवरच्या घरात पायांवर शाल घेऊन खिडकीत बसले होते. पोट गेलं होतं, आवाजही गेला होता. मुलगी शेजारी विणत होती. बार्टलीने नाव सांगितलं मात्र, म्हाताऱ्याचा चेहरा उजळला.

"क्विर्क! अगं, हा क्विर्क!" ते मुलीला म्हणाले. "यांची जोडी होती. असा खेळ मी पुन्हा पाहिला नाही. तो धाकटा काय चेंडू टाकायचा! आणि हा उघड्या हातांनी… दाखव, दाखव तिला हात."

बार्टलीने हात पुढे केले. म्हाताऱ्याने ते आपल्या हातांत घेतले आणि पूर्वीसारखेच हलवले, फक्त आता जोर नव्हता.

मग त्यांनी विचारलं, "धाकटा कुठे असतो? मोठ्या क्लबात गेला ना तो नंतर? नाव काढलं असेल त्याने."

बार्टलीला आधी वाटलं की म्हातारा चेष्टा करतोय. मग त्याने म्हाताऱ्याचे डोळे बघितले.

"तुम्ही काढलंत त्याला, साहेब. सामने विकले म्हणून. तुमच्याच माडीवर."

"आम्ही? छे, छे. इतकं चांगलं पोर. कोणी सांगितलं तुला हे?"

बार्टलीने काच काढली, उजेडात धरली, घाईघाईने सगळं सांगितलं: खूण, शपथ, टोपी, कोचरेनचे हात. म्हाताऱ्याने लक्ष देऊन ऐकलं, मानही डोलावली. शेवटी म्हणाले, हे कोंबडीचे पाय कशाला आणलेस? क्लबाचे कागद कुठे असतील असं विचारलं तर मुलगी म्हणाली की क्लब पुढच्याच वर्षी बुडाला, खोकी होती ती पुरात गेली. बाबांना आता फक्त चांगलंच आठवतं, असंही तिने दाराशी आल्यावर हळूच सांगितलं. आणि दमतात ते लवकर.

बार्टली खोकं काखेत धरून टेकडी उतरला. ज्यांनी बंदी घातली ते विसरले. बाकीची कमिटी मेली, कागद वाहून गेले. देशभरात ती बंदी पाळणारा एकच माणूस उरला होता, आणि तो तांब्याच्या खाणीत परक्या नावाने राबत होता. हे त्याला कोणत्या तोंडाने कळवायचं? तुझ्या आयुष्याची माती झाली ती ज्या गोष्टीपायी, ती कुणाच्या लक्षातही नाही, असं?

होनोराने टेबलावर दौत-टाक मांडून ठेवलाच होता. त्याला लिहिता येत नसल्यामुळे सगळी पत्रं तीच लिहायची. त्याने तिला सगळं सांगितलं.

"लिही," तो अखेर म्हणाला. "मिस्टर टेन आइक यांना भेटलो. कमिटीने तुला माफी दिली आहे. आता ये."

होनोराने टाक खाली ठेवला. "पुन्हा खोटं, बार्टली?"

"खरं सांगून त्याचं काय भलं होणार आहे?"

"मागल्या वेळी खोटं बोलून काय भलं झालं होतं?"

पण टेरी टेबलाशी बसलाय, बटाटा कुस्करतोय, हे चित्र एकदा डोळ्यांपुढे उभं राहिलं की त्याला दुसरं काही दिसत नसे. लिही गं, तो म्हणाला, म्हातारा झालोय मी आता. तिने लिहिलं. पाकिटावर तिने लाखेचा शिक्का इतक्या जोरात दाबला की टेबल हललं.

तीन आठवडे बार्टली पोरासारखा वागला. माळ्यावरची जुनी खाट खाली काढवून घेतली. पश्चिमेहून येणाऱ्या गाडीच्या वेळी फाटकावर उभा राहून खिडक्या बघायचा. टेरीचे केस पिकले असतील, आपण ओळखू का त्याला, असं होनोराला दहादा विचारायचा. ओळखशील, ती म्हणायची, कान बघ.

मग पत्र आलं. होनोराने ते उभ्याउभ्याच वाचलं, आणि नंतर बसून त्याला वाचून दाखवलं.

"बार्ट, माफी चोराला देतात. मी चोरी केलेली नव्हती. म्हणजे एवढ्या वर्षांनीही ते मला चोरच समजतात, एवढंच की आता त्यांना माझी दया येते. त्यांना सांग, तुमची माफी तुमच्याकडेच ठेवा. तू ती माझ्यासाठी घेतलीस कशी, हे मला कळत नाही. निदान तुला तरी खरं काय ते माहीत होतं. मी येणार नाही. यापुढे लिहू नकोस."

"आणि खाली?" बार्टलीने विचारलं.

होनोराने कागद त्याच्यापुढे ठेवला. बार्टलीला वाचायला फारसं येत नव्हतं, पण त्या छोट्या नावाचं वळण त्याला तीस वर्षं पाठ होतं आणि ते तिथे नव्हतं. खाली लिहिलं होतं, थॉमस लाइल.

त्याच दिवशी त्याने दुसरं पत्र लिहायला लावलं. या वेळी सगळं खरं: माफी कोणी दिलीच नाही, ती मी रचली. म्हातारा तुझं कौतुक करत होता, त्याला काही आठवत नाही, कुणालाच आठवत नाही. टेरी, तुझ्या नावावर डाग लावणारं आता जगात कोणी शिल्लक नाही, मी सोडून. हे सांगताना तो रडला, आणि डोळे पुसायला मनगट वापरलं, टोपी ओढायचा तसंच. पत्रासोबत ती काचही पाठवायची होती, पण होनोरा म्हणाली की वाटेत फुटेल. शेवटी नुसतं पत्र गेलं.

ते महिन्याभराने परत आलं. शिक्का जसाच्या तसा होता. पाकिटावर टेरीच्याच अक्षरात दोन शब्द होते, घेतलं नाही. होनोराने ते घड्याळाच्या मागे ठेवलं, काचेच्या शेजारी.

आता उघडलंच जाणार नसेल तर कितीही खरं लिहा, उपयोग काय? बार्टलीने नंतरही दोनदा लिहायला लावलं आणि दोन्ही पत्रं तशीच आली. नाताळला ब्युटहून काही आलं नाही.

सकाळी होनोरा बटणं लावते. हल्ली ती बोटांवरून काही म्हणत नाही. तो हनुवटी वर करतो, ती लावते, आणि तो फाटकावर जातो. पश्चिमेची गाडी चारला येते. बार्टली चाकाला मिठी मारून फाटक खाली घेतो आणि डबे समोरून जाईपर्यंत प्रत्येक खिडकीतले कान बघत राहतो. ती गाडी फाटकावर थांबत नाही, ती पुढे स्टेशनात थांबते. शेवटचा डबा गेला की तो फाटक वर घेतो, आणि खोळंबलेल्या घोडागाड्या त्याच्याकडे न बघता निघून जातात.